मनातले लेणे

चंद्रपूरहून नागपूरकडे निघाले की पंचवीसेक किलोमीटरवर भद्रावती लागते. गावाजवळच विजासनची टेकडी आहे आणि त्या टेकडीच्या पोटात प्राचीन बुद्ध लेणी आहेत. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम या संशोधकाने तेथे येऊन या लेण्यांचे वर्णन लिहून ठेवले. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली असतात. बुद्धपौर्णिमेला किंवा धम्मसहलीला आपण जातो, मेणबत्ती लावतो, वंदना घेतो, डबा सोडतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले.

एकदा वैशाखात गेलो होतो. बाहेर चंद्रपूरचे ऊन. ते कसे असते, हे येथल्या माणसाला सांगायला नको. दगडात सरळ आत गेलेल्या त्या लांब बोळात पाऊल टाकले आणि अंगावरून गारवा फिरला. प्रथम काहीच दिसेना. मुले घाबरून मागे सरली. पण जरा थांबलो, डोळे अंधाराला सरावले आणि मग बोळाच्या टोकाशी बसलेली तथागतांची मूर्ती हळूहळू दिसू लागली. मूर्ती काही नव्याने आली नव्हती, ती तेथेच होती. थांबलो नव्हतो ते आम्हीच.

त्या दिवशी मनात एक प्रश्न आला. हा गारवा कोणी बाहेरून आणून ठेवलेला नाही. कोण्या काळी कोण्या माणसांनी छिन्नी-हातोड्याने या खडकाचा एकेक टवका काढला, म्हणून येथे बसायला जागा झाली. मग जी जागा दगडात होऊ शकते, ती माणसाच्या मनात का होऊ नये?

लेणे म्हणजे आसरा

आपण ज्याला लेणे म्हणतो, तो शब्द पाली भाषेतील ‘लेण’ या शब्दाशी जोडलेला आहे. लेण म्हणजे आसरा, निवारा. आपण रोज त्रिसरणात ‘सरण’ म्हणतो, त्याच अर्थाचा हा शब्द. तथागतांनी निर्वाणाला जी अनेक नावे दिली, त्यांत दीप, लेण, ताण आणि सरण ही नावे आहेत. त्यातला ‘दीप’ हा शब्द तर दुहेरी अर्थाचा आहे. दीप म्हणजे दिवा आणि दीप म्हणजे बेटही. म्हणजे पुराच्या पाण्यात जी जमीन वर राहते, ती.

पुराचे आम्हा वैनगंगेकाठच्या लोकांना कौतुक नाही. ब्रह्मपुरी तालुक्यात लाडज नावाचे गाव आहे. त्याला चारी बाजूंनी वैनगंगेचा वेढा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे पाणी सोडले गेले आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडील कितीतरी गावांत पाणी शिरले. लाडजच्या लोकांना तर गावातून बाहेर काढावे लागले. ज्यांनी असा पूर पाहिला, त्यांना एक गोष्ट कळते : पाणी चढू लागल्यावर टेकाड उभारता येत नाही. जे उभारायचे ते उन्हाळ्यातच.

मनाचेही तसेच आहे. घरात कोणी दगावले, नोकरी गेली, कर्जाचा हप्ता थकला, पोराने परीक्षेत नापास होऊन तोंड लपवले की मग आपण शांती शोधायला निघतो. कोणी बाबाकडे जातो, कोणी भट्टीवर जातो. तेव्हा उशीर झालेला असतो. आसरा आधीच खोदून ठेवावा लागतो, हेच या लेखात सांगायचे आहे.

हे देवघर नव्हे

येथे कोणी विचारील, “काय हो, अंतरंगात मंदिर बांधा, आत्म्याचा शोध घ्या, हे तर कीर्तनकारही सांगतात. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?”

फरक मोठा आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यात आत्मा नाही आणि ईश्वरही नाही. मनाच्या आत कोणी अमर बसलेला आहे आणि डोळे मिटले की तो भेटतो, असे आपण मानत नाही. डोळे मिटले की काय भेटते? राग, हेवा, भीती, शेजाऱ्याच्या नव्या मोटारसायकलची चुरस, कालचे उणे बोलणे आणि उद्याची काळजी. जे आहे ते असे आहे. ते न पळता, न लाजता पाहणे म्हणजेच जागरूकता. पालीत तिला ‘सती’ म्हणतात. अष्टांगिक मार्गातील सम्मासती ती हीच.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी समाधीविषयी फार महत्त्वाचा भेद केला आहे. नुसती एकाग्रता पुरेशी नाही, ती तेवढ्यापुरतीच टिकते. सम्मासमाधी ही मनाला कुशल कर्माचा, चांगल्याचा विचार करण्याची सवय लावते, असा त्यांचा भाव आहे. म्हणजे डोळे मिटून गुंगीत जाणे हा धम्म नव्हे. उठल्यावर आपले वागणे बदलले पाहिजे.

मोर्चा की ध्यान?

आपल्या समाजात हा वाद जुना आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमचे कार्यकर्ते मित्र म्हणतात, “तुम्ही लोकांना डोळे मिटायला शिकवाल, तर अन्यायाविरुद्ध उभे कोण राहणार? बाबासाहेबांना तर उघड्या डोळ्यांचा बुद्ध हवा होता.”

मित्रांची शंका खोटी नाही. आपल्याला शतकानुशतके गप्प बसायला शिकवले गेले. आता शांतीच्या नावाने पुन्हा गप्प बसवले जाऊ नये, ही काळजी योग्यच आहे. बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथाही म्हातारा, रोगी आणि प्रेत यांवर न ठेवता शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यावर ठेवली. आपला बुद्ध माणसामाणसांतील भांडणाचे मूळ शोधायला निघाला होता.

पण जो स्वतःच्या मनातले भांडण पाहू शकत नाही, तो समाजाचे भांडण कसे सोडवणार? येथे आम्हाला आमचीच गोष्ट सांगावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात बढतीची यादी लागली. आमचे नाव त्यात होते. पेढे वाटत असताना एक सहकारी मुद्दाम ऐकू येईल असे म्हणाला, “यांचं काय, यांना घरबसल्या मिळतं.” आम्ही वाणिज्य शाखेची पदवी रात्री जागून मिळवलेली. विभागीय परीक्षा दिलेली. पण तोंडातून शब्द निघाला नाही. तो राग तसाच सायकलवरून घरी आला. मुलीने सहलीसाठी पैसे मागितले आणि आम्ही तिच्यावर असे ओरडलो की ती रात्री न जेवता झोपली. अपमान केला कोणी आणि शिक्षा मिळाली कोणाला!

पुढे काही वर्षांनी तसाच प्रसंग पुन्हा आला. माणूस वेगळा होता, पण वाक्य तेच. तोवर आम्हाला रोज सकाळी श्वासावर बसायची सवय लागली होती. छातीत धडधड झाली, कान तापले, ते आम्हाला कळले. कळले म्हणून आम्ही एक क्षण थांबलो. मग त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, “आता जे बोललात, ते लेखी द्याल का?” तो चपापला. आम्ही त्याच दिवशी तारीख, वेळ आणि साक्षीदारांच्या नावांसह मुद्देसूद तक्रार अर्ज दिला. अर्जात एकही शिवी नव्हती, म्हणून तो बाजूला सारता आला नाही. त्या गृहस्थांना लेखी समज मिळाली. आणि त्या रात्री आम्ही घरी मुलांबरोबर हसत जेवलो.

ध्यानाने आम्हाला गप्प बसवले काय? उलट पहिल्या वेळी आम्ही गप्प होतो आणि दुसऱ्या वेळी बोललो. भिक्खू वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहत आणि पाऊस संपला की गावोगाव चारिकेला निघत. आसऱ्यात जायचे ते पुन्हा बाहेर पडण्यासाठीच.

एक हिशेबनीस आणि एक शेतकरी

ध्यान हे भिक्खूंचे किंवा रिकामटेकड्यांचे काम आहे, असा एक समज आहे. ब्रह्मदेशातील ऊ बा खिन (१८९९-१९७१) यांचे उदाहरण पाहावे. ते आमच्याच जातकुळीचे, म्हणजे कारकून! महालेखापालाच्या कार्यालयात त्यांनी कारकुनीपासून सुरुवात केली. १९३७ मध्ये ते साया थेजी यांच्याकडे विपश्यना शिकले. हे थेजी कोणी महंत नव्हते, ते एक शेतकरी गृहस्थ होते. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ऊ बा खिन स्वतंत्र देशाचे महालेखापाल झाले. त्यांनी कार्यालयातच ध्यानाची सोय केली आणि कर्मचाऱ्यांना शिकवू लागले. फायली थांबल्या नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी रंगून येथे ध्यानकेंद्र काढले. त्याच रंगूनला डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते.

ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांनी १९६९ मध्ये ही विद्या पुन्हा भारतात आणली. १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही मूल मार्गावर अजयपूरला धम्म अजय हे केंद्र आहे. दहा दिवसांचे शिबिर असते. त्यात मौन पाळायचे, पहाटे चारला उठायचे, आधी आनापान आणि मग विपश्यना. फी नसते, पूर्वीच्या साधकांच्या दानावर सर्व चालते. पण खाणीत पाळीने जाणाऱ्याला किंवा रोजमजुरीवर पोट असणाऱ्या बाईला दहा दिवस कोण सोडणार? म्हणून शिबिर जमले तर उत्तम. न जमले तरी दार बंद होत नाही.

सत्तर पाने

ही गोष्ट आम्हाला आमच्या विहारातील एका आजीबाईंनी शिकवली. वर्षावासात आम्ही महिला मंडळासमोर आनापानाविषयी बोलत होतो. श्वास आत आला, श्वास बाहेर गेला, मन भटकले की परत आणा, वगैरे. आजीबाई हसल्या. चाळीस उन्हाळे तेंदूपाने तोडण्यात गेलेल्या त्या बाई.

त्या म्हणाल्या, “भाऊ, थे तं आमी कवापासून करतो. पुड्यात सत्तर पानं लागते. सत्तर म्हणजे सत्तर. एकबी कमी भरलं का फळीवरचा मुन्शी पुडा फेकून देते. तवा मन इकडं-तिकडं जाऊन चालते का?”

आम्ही विचारले, “आणि गेलंच तर?”

“तं पुन्यांदा एकपासून मोजाचं. रागावून का होते?”

आम्ही इतकी पुस्तके वाचली, पण आनापानाचे याहून सोपे वर्णन आम्हाला सापडले नाही. मन गेले, तर पुन्हा एकपासून. रागवायचे नाही. आपल्या मायबहिणींच्या बोटांत जी सती आहे, तीच फक्त श्वासावर आणायची आहे.

मात्र एक सांगून ठेवतो. जंगलात डोळे मिटून बसा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही! मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेथे भीती ही भ्रम नाही, ती खरी आहे. तेथे सती म्हणजे उघडे डोळे, कान आणि सोबत. पण घरी परतल्यावरही जी भीती रात्रभर उशाशी बसते, जिच्यामुळे पोरांवर खेकसणे होते, तिच्यासाठी मनातले लेणे हवे.

बेभान मनाचे परिणाम

मनावर पहारा नसला की काय होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात खांबाला बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. पण मारणाऱ्यांपैकी एकानेही क्षणभर थांबून, आपल्याला भीती वाटते आहे आणि भीती म्हणजे पुरावा नव्हे, एवढे ओळखले असते तर? कायदा गुन्हा झाल्यावर येतो. सती आधी येऊ शकते.

दारूचेही तेच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरसाठी २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. कायद्यासाठी लढलेच पाहिजे. पण संध्याकाळी सहा वाजता जी तलफ उठते, ती शासनाच्या राजपत्राने उठत नाही आणि बसतही नाही. ती लाटेसारखी येते. तिच्याकडे दहा मिनिटे नुसते पाहत बसलेल्या एका बांधवाने आम्हाला सांगितले, “ती चढते, पण उतरतेही, हे मला पन्नासाव्या वर्षी कळले.” १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याच्या दीक्षाभूमीवर आपल्या आई-वडिलांनी बाबासाहेबांसमोर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दारू पिणार नाही, ही त्यांतलीच एक. तोंडाने घेतलेली प्रतिज्ञा पाळायला मनाचेच बळ लागते.

घरातल्या घरात

आता प्रत्यक्ष काय करावे? दोन खोल्यांचे घर, सहा माणसे, टीव्ही आणि हातोहाती मोबाइल, यांत एकांत कुठला? आमचा अनुभव असा :

जागा ठरवावी. ती चटईएवढी असली तरी पुरे. बाबासाहेब व तथागतांच्या प्रतिमेसमोरची असली तर बरेच, नसली तरी अडत नाही. वेळ ठरवावी. पहिल्या पाळीच्या माणसाने कामावरून आल्यावर, रात्रपाळीच्या माणसाने झोपण्यापूर्वी, गृहिणीने चूल पेटवण्याआधी. दहा मिनिटे पुष्कळ झाली. त्या दहा मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पाठ सरळ ठेवून आरामात बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे. श्वास मुद्दाम ओढू नये आणि रोखूही नये. नाकपुड्यांशी तो येतो-जातो, तेवढेच जाणावे. मन बाजारात गेले, तर आजीबाईंचा नियम : पुन्हा एकपासून. शेवटची दोन मिनिटे मैत्रीभावनेची. आधी घरच्यांसाठी, मग शेजाऱ्यांसाठी आणि जमेल तेव्हा ज्याने आपल्याला दुखावले त्याच्यासाठीही. ते लवकर जमत नाही. आम्हालाही अजून नेहमी जमत नाही.

रात्री निजण्यापूर्वी मनाची रोजकीर्द लिहावी. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हा शब्द. आज राग कोणावर निघाला? तो खरा कोणावर होता? आज कोणाचे भले केले? तीन प्रश्न, तीन ओळी. पंचशील सकाळी म्हणायचे आणि रात्री त्याचा ताळा करायचा. रोजची नोंद ठेवली की वर्षअखेरीस घोटाळा निघत नाही.

घरातील पुरुषांना एक विनंती. आपल्या बहिणी व पत्नी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात. त्यांच्या वाट्याला दहा मिनिटे येत नसतील, तर आपले ध्यान अपुरे आहे. त्या बसतील तेव्हा मुलांना आपण सांभाळावे आणि चहाही आपणच ठेवावा.

आणखी एक. मन खचून महिनोन् महिने झोप नाही, जीव नकोसा वाटतो, भास होतात, असे असेल तर हा आजार आहे. त्याला ध्यान पुरत नाही, डॉक्टर लागतो. जिल्हा रुग्णालयात दाखवावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. त्यात कमीपणा नाही. तथागतांनी दुःख झाकायला नव्हे, ओळखायला शिकवले.

एकेक टवका

विजासनची लेणी एका दिवसात झाली नाहीत. ज्यांनी पहिला घाव घातला, त्यांना शेवटची मूर्ती दिसलीही नसेल. आपल्या मनाचा खडकही कठीण आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान, गरिबी आणि भीती त्यात थराथराने बसलेली आहे. दहा मिनिटांनी काय होणार, असे वाटेल. एक टवका निघेल. उद्या आणखी एक.

मराठीत लेणे या शब्दाचा दुसरा अर्थ दागिना. आपल्या आयांकडे सोन्याचे लेणे नव्हते. मुलांना वारशात द्यायला आपल्याकडेही फारसे नसेल. पण घरात एक बाप रागावण्यापूर्वी थांबतो आणि एक आई दहा मिनिटे शांत बसते, हे ज्या मुलांनी रोज पाहिले, त्यांना कोणी सावकार गहाण ठेवून घेऊ शकणार नाही असे लेणे मिळाले.

आमची मुलगी आता मोठी झाली आहे. परवा ती म्हणाली, “बाबा, त्या सहलीचं मला आठवतं.” आम्ही मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, “पण नंतर तुम्ही बदललात, तेही आठवतं.”

आजच सकाळी, नाही जमले तर संध्याकाळी, दहा मिनिटे बसून पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!